फटींचे वैरी

देवाने सृष्टी केली ती झकास केली, पण शेवटी फटी बुजवायच्या तेवढ्या राहून गेल्या, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं. आणि ते राहिलेलं काम आता निवृत्तीनंतर आपल्याच गळ्यात पडलंय अशा थाटात ते न्यू जर्सीतल्या अख्ख्या पार्सिपनीभर हिंडत असत. तिथल्या मराठी घरांपैकी ज्या घराने काकांची पाठ पाहिली नाही असं घर सापडणं मुश्कील. पाठ म्हणते, कारण चेहरा नंतर दिसायचा. कुणाकडे गणपती असो, डोहाळजेवण असो, काका दारात बूट काढायचे, अर्धा नमस्कार यजमानांना करायचे आणि उरलेला अर्धा कोपऱ्यातल्या, घर तापवणाऱ्या रेडिएटरला. मग गुडघे टेकून, खिशातली छोटी विजेरी काढून, पाइप जिथे जमिनीत शिरतो तिथे डोकं घालायचे. इकडे आरती रंगात आलेली, झांजा वाजतायत, आणि तिकडे सोफ्यामागून काकांचे फक्त पायमोजे दिसतायत. एकदा नव्यानेच आलेल्या एका बाईंनी घाबरून विचारलं, "अहो, ते आजोबा पडलेत का?" त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "पडले नाहीत हो. त्यांचं दर्शन चाललंय."

तुम्ही म्हणाल, पाइपाभोवतीच्या फटीचं एवढं काय कौतुक! मीही म्हणायचे. आमची बिल्डिंग जुनी, विटांची. तळघरात बॉयलर, आणि तिथून गरम पाण्याचे पाइप जमिनी आणि छतं भोकसत वरपर्यंत गेलेले. बांधणाऱ्याने पाइप घातला होता अंगठ्याएवढा आणि भोक पाडलं होतं वाटीएवढं. त्या भोकातून खालच्यांचा टीव्ही वर जायचा, वरच्यांचं भांडण खाली यायचं, थंड वारा कुठूनही कुठेही जायचा, आणि झुरळं तर व्हिसाशिवाय ये-जा करायची. काकांची कसोटी करंगळीची. पाइपाशेजारी करंगळी आत गेली की ते घर नापास, मग तिथे इटालियन सोफा असो की भिंतभर टीव्ही. ओळखीतल्या एका मुलीसाठी स्थळ बघायला वडीलधारे म्हणून काकांना नेलं, तर त्या मुलाच्या अपार्टमेंटमधून परत येताना गाडीत त्यांनी निकाल दिला: "मुलगा शिकलेला आहे, शांत आहे, पण करंगळी जाते. ज्याला रोज डोळ्यांसमोरची फट दिसत नाही, त्याला उद्या बायकोचा पडलेला चेहरा काय दिसणार?" लग्न काही मोडलं नाही. मुलाने मुकाट्याने सगळ्या पाइपांना फट झाकणाऱ्या चकत्या बसवून घेतल्या, आणि काकांनी अहेरातही त्याला आणखी दोन चकत्याच दिल्या.

मी तिथे गेले ती लग्न होऊन, नागपूरहून, २००३ सालच्या शरद ऋतूत. शरद ऋतू वगैरे आता म्हणते. तेव्हा मला फक्त थंडी वाजत होती. नवरा सकाळी कॉम्प्युटरची बॅग घेऊन जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नोकरी करायची नाही. गाडी चालवता येत नाही, म्हणजे कुठे जायचं नाही. आईला फोन लावावा तर तिकडे रात्र. मग एकटी बाई करील काय? मी स्वयंपाक करायचे. दोन माणसांसाठी लग्नघरासारखा. मिरचीचा ठेचा, झुणका, पाटवडीचा झणझणीत रस्सा, वांगं. आणि प्रत्येकाला दणदणीत फोडणी, कारण मोहरी तडतडली की तेवढा वेळ घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. काय बाप्पा ते दिवस होते! अशाच एका दुपारी बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ, एका हातात अवजारांची पेटी आणि दुसऱ्या हातात स्टूल. "मी वरचा," ते म्हणाले. "मराठी आहेस ना? तुझ्या स्वयंपाकघरातला पाइप बघायचाय." मी म्हटलं, "पाइप गळत नाहीये हो." ते म्हणाले, "गळायला कशाला हवा? दिसायला नीटनेटका नको?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ते स्टुलावर चढून आमच्या छताला करंगळी लावून मोकळे झाले.

इथे एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते, जी मला तेव्हा माहीत नव्हती. काकूंना फुप्फुसांचा आजार होता. फुप्फुसं आतून हळूहळू कडक होत जातात, श्वास घ्यायला दरवेळी थोडे जास्त कष्ट पडतात, आणि औषधाने वेग जरा कमी होतो, एवढंच. धूर, धूळ, अत्तर, कसलाही उग्र वास आला की काकूंना खोकल्याची उबळ यायची आणि ती थांबता थांबायची नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर त्यांचं स्वयंपाकघर होतं. म्हणजे माझ्या मिरचीच्या फोडणीचा सगळा खकाणा त्या वाटीएवढ्या भोकातून थेट काकूंच्या नाकात. काकांनी त्यांच्या बाजूने फट बुजवली होती, पण खालून बुजवल्याशिवाय ते काम पुरं होत नव्हतं. आता दुसरा कुणी असता तर खाली येऊन म्हणाला असता, बाई, जरा फोडण्या आवरा. काका तसं म्हणाले नाहीत. दिवसभर एकटी असलेली, नवी आलेली पोर, तिला एकच उद्योग आहे, तोही बंद करायला सांगायचा? म्हणून त्यांनी नीटनेटकेपणाचं निमित्त काढलं. अर्थात नीटनेटकेपणाचं वेड खोटं नव्हतं. ते जन्मजातच होतं. काकूंच्या आजाराने त्याला फक्त कामाला लावलं होतं.

त्यांचं काम बघणं हा एक सोहळाच होता. घाई नावाला नाही. आधी भोकाच्या कडा चाकूने साफ करायच्या, ब्रशने धूळ काढायची, ती खाली पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र पसरायचं. मग भांड्यांची तारेची घासणी असते ना, तिच्यासारखाच पण मऊ, बारीक तारेचा काथ्या आत सारायचा. उंदीर सगळं कुरतडतो, तार नाही. त्यावर उष्णतेला दाद न देणारी दोरी पाइपाभोवती गुंडाळायची, त्यावर सीलंटची, म्हणजे रबरासारख्या चिकट मलमाची, बारीक रेघ, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एका दमात गोल फिरवून ती रेघ सपाट करायची. शेवटी दोन अर्ध्या तुकड्यांची चकचकीत चकती पाइपाला बिलगवायची. हे सगळं पाइप थंड असतानाच. "आणि गच्च कधी भरायचं नाही," ते मला स्टुलावरून शिकवायचे. "पाइप तापला की वाढतो, हलतो. त्याला हलायला जागा ठेवायची. नाहीतर तो रात्रभर कुरकुरतो आणि एक दिवस सगळं फोडून बाहेर येतो. माणसांचंही तेच." मी खालून पेटीतलं एकेक हातात द्यायचे. पुढे पुढे न सांगता द्यायला लागले, आणि एकदा तर दोरी त्यांनी मला गुंडाळू दिली. नंतर ती सोडवून त्यांनी स्वतः पुन्हा गुंडाळली ते सोडा.

पुढच्या वर्षी माझ्या सासूबाई आल्या. अमेरिकेत येऊन सहा महिने आपला काही उपयोग होत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आमच्या बेडरूमच्या पाइपाची फट अजून राहिली होती. काकूंच्या श्वासाला जास्त त्रास देणारी फट आधी, अशा क्रमाने काकांचं काम चालायचं आणि बेडरूमची पाळी यायची होती. सासूबाईंना त्या फटीतून पायाला वारं लागायचं, आणि त्यात एक झुरळही दिसलं. त्यांनी काय करावं? मी दुपारची झोपले असताना चांगली मूठभर कणीक घट्ट मळली, तीत हळद घातली, मुंग्या-झुरळं जवळ फिरकू नयेत म्हणून अर्धी डबी हिंग घातला, आणि ती कणीक पाइपाभोवती अशी लिंपली, जणू करंजीला मुरडच घातली. वर बोटांची नक्षीसुद्धा. मला उठवून दाखवलं आणि म्हणाल्या, "बघ. पाच मिनिटांचं काम. ते म्हातारबोवा उगाच शस्त्रक्रिया करतात." कौतुकाचीच गोष्ट होती, नाही कुठे म्हणतेय मी!

दोन दिवसांनी कडाक्याची थंडी पडली आणि बॉयलर पुऱ्या जोराने पेटला. पाइप तापला, कणीक भाजली, फुगली, तडकली, आणि हिंगाचा असा काही भपकारा उठला की माझा नवरा म्हणाला, यार, बिल्डिंगमध्ये कुणी सांबाराची फॅक्टरी टाकली का! आम्ही हसतच होतो तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला. मी तो आधीही ऐकला होता, पण असा नाही. थांबेचना. मग जिन्यावरून धावत कुणी उतरल्याचा आवाज, आणि दारात काका, पायात सपातासुद्धा नाहीत. ते सरळ बेडरूममध्ये गेले, गुडघे टेकले, आणि त्यांना ती भाजलेली कणीक दिसली. मला वाटलं आता सासूबाईंची काही धडगत नाही. पण ते मागे वळून म्हणाले, "वहिनी, कणीक छान मळली होतीत हो. पण पाइपाला पोळी चालत नाही." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी मात्र काकांचे हात बघत होते. चाकूने ते कणकेचे तुकडे उकरत होते आणि एरवी इतका सावकाश चालणारा चाकू सारखा पाइपावर वाजत होता. त्या दिवशी त्यांनी मला काकूंच्या आजाराचं खरं काय ते सांगितलं. "तुला सांगणार नव्हतो," ते म्हणाले. "तू फोडण्या बंद करशील म्हणून." मी अर्थातच म्हटलं की बंद करते. ते चिडले. "मग मी हे सगळं कशासाठी करतोय? तू तुझं कर, मी माझं करतो."

आणि त्यांनी केलं. आमच्या घरातली एकेक फट त्यांनी बुजवली. मग शेजारच्या सिगारेटवाल्या म्हाताऱ्याची, मग त्याच्या शेजारच्या कोरियन बाईची, मग जिन्याखालची. बिल्डिंगच्या मॅनेजरने एकदा विचारलं की हे सगळं तुम्ही का करताय, तर काका त्याला आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाले, नीट दिसतं म्हणून. काकू वर आपल्या खुर्चीत बसून असायच्या, नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी घूं घूं करणारं मशीन. मूळच्या कोल्हापूरच्या, तोंडाने तिखट, हाताने त्याहून तिखट. एके काळी त्यांच्या तांबड्या रस्स्यासाठी लोक डोव्हरहून, एडिसनहून गाड्या हाकत यायचे. आता घरात ऑक्सिजन आला तसा भडका उडायच्या भीतीने गॅस बंद झाला. काका मायक्रोवेव्हमध्ये वरण-भात करायचे. मीठ मोजून, हळद चिमूटभर, बाकी काही नाही. काकू तो खायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "चव फार सुरेख आहे गं. नीटनेटकी." काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

२००६ च्या हिवाळ्यात काकू फारच खालावल्या. खुर्चीतून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत चालत येणं हाच एक प्रवास झाला. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता औषधाने फार काही होणार नाही. एक दिवस मी वर गेले होते, काकूंच्या केसांना तेल लावत होते, काका टेबलाशी बसून एका चकतीला पॉलिश करत होते. काकू मध्येच म्हणाल्या, "अहो, ती फट उघडा."

काकांना वाटलं, त्यांना खिडकी म्हणायचंय. "बाहेर बर्फ आहे," ते म्हणाले.

"खिडकी नाही. ही." काकूंनी पायाने कोपऱ्यातला पाइप दाखवला. "हिच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते मला कळू दे. दोन वर्षं झाली, माझ्या घरात मोहरी तडतडली नाही. मी मरेन ती काय वरण-भाताच्या वासात मरू?"

"तुला खोकला येईल."

"तो असाही येतोय." काकू एकेक शब्द श्वासाच्या मध्ये टाकत होत्या, पण आवाज पक्का होता. "सगळ्या फटी बुजवल्यात तुम्ही. सगळ्या. मी काही बोलले नाही. पण आता आत जी हवा येते ती नुसती हवा आहे हो. तिला कसला वास तरी असू दे."

काका उठले, कोट घातला आणि बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं, तर ते खाली गाडीत जाऊन बसले होते. गाडी चालू केली नाही, नुसते बसले होते. आपण इतकी वर्षं जिच्या एकेका श्वासासाठी गुडघे झिजवले, तिनेच म्हणावं की ते उघडा! मला त्यांची दया आली आणि काकूंचाही राग येईना. खरं सांगते, मला दोघंही बरोबर वाटत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली; हातात पेटी आणि स्टूल.

"आज काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वांग्याची भाजी," मी म्हटलं.

"मिरच्या जरा कमी घाल," ते म्हणाले आणि स्टुलावर चढले. आपण स्वतः बसवलेली चकती त्यांनी काढली, सीलंट कापलं, दोरी उलगडली, तारेचा काथ्या ओढून काढला. बुजवताना लागायचा त्याच्या दुप्पट वेळ त्यांनी उघडायला लावला. मग वर गेले आणि वरची बाजूही उघडली. छतातल्या त्या भोकातून मला प्रथम काकांच्या विजेरीचा उजेड दिसला आणि मग काकूंचा आवाज आला, बारीक, पण अगदी कानाशी बोलल्यासारखा: "घाल गं पोरी. आता वाट नको बघायला लावू."

मी मोहरी घातली. ती तडतडली. हिंग, कढीपत्ता, आणि काका काहीही म्हणोत, मिरच्या मी मोजूनमापून पण घातल्याच. वर काकूंना ठसका लागला. मी गॅस बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात ठसक्यातूनच हसण्याचा आवाज आला, आणि मग: "लसूण कुठे आहे? लसणाशिवाय वांगं करतेस? नागपूरला लसूण पिकत नाही का?"

त्या दिवसापासून आमचं जे काय सुरू झालं ते काय सांगू तुम्हाला! रोज अकराच्या सुमाराला मी खालून हाक मारायची, "काकू, घालू का?" आणि वरून "घाल!" आलं की कढईत मोहरी. मग पाइपातून सूचना. "जळतंय, जळतंय!" "खोबरं भाजून घे आधी." "हे काय, रस्स्याला वास नाही, चिमटीने घातलास का मसाला?" मी खालून वाद घालायचे. कोल्हापूर आणि नागपूर ह्यांचं तिखट कुणाचं खरं, ह्यावर आम्ही दोघी छतामार्गे इतक्या भांडलो की एकदा नवरा लवकर घरी आला तो दारातच थांबला, त्याची बायको हातात झारा घेऊन छताकडे बोट दाखवून ओरडत होती, "तुमचा तांबडा ठेवा तुमच्याकडे!" ठसका रोज लागायचा. त्यामागून काकांचा आवाज ऐकू यायचा, "हळू. आत घे. सोड. आत घे." ते खुर्चीशेजारी उभे असायचे, एक हात काकूंच्या पाठीवर आणि एक मशीनच्या बटणावर. आपणच उघडलेल्या फटीपाशी असं रोज पहारा देत उभं राहायला त्यांना काय वाटत असेल, ते मला विचारायचा धीर झाला नाही. एकदाच त्यांनी जिन्यात मला अडवलं आणि म्हणाले, "उद्या झुणका कर. तिने मागितलाय." मग दोन पायऱ्या चढून मागे वळून, "तू छान करतेस म्हणाली. तुझ्यासमोर म्हणणार नाही ती."

मार्च लागला तशा वरून येणाऱ्या सूचना कमी झाल्या. आधी नुसतं "घाल", मग नुसतं पाइपावर चमच्याने एकदा वाजवणं. मग एका सकाळी मी हाक मारली तर काकांनी उत्तर दिलं की तिला हॉस्पिटलात नेतोय. काकू परत आल्या नाहीत.

दिवस होईपर्यंत त्यांचा मुलगा आणि सून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून येऊन राहिली होती. ती गेल्यावर मी वर डबा घेऊन जायला लागले. काका एकटे बसलेले असायचे, मशीन बंद, आणि ते बंद असल्याने ते घर इतकं शांत वाटायचं की मलाच बसवायचं नाही. एक दिवस ते आपणहून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, फट उघडली त्याने काही फरक पडला नाही. ते असंच म्हणणार." मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "बोलू नकोस. नाही उघडली तर अजून थोडे दिवस राहिली असती का, हे मला कधीच कळणार नाही. मी रोज त्याचा विचार करतो. पण ते दिवस तिने माझा वरण-भात खाऊन काढले असते." त्यांचा चेहरा हसल्यासारखा झाला आणि मग सगळाच मोडला. माणूस म्हातारा झाला की रडताना किती लहान दिसतो! मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. निघताना म्हटलं, उद्या काय आणू डब्यात. ते म्हणाले, "डबा राहू दे. तू आपली खाली फोडणी घाल. मी तिथे खुर्चीत बसतो."

एप्रिलभर ते बसले. मी हाक मारायची नाही, ते काही म्हणायचे नाहीत. मोहरी तडतडली की वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, तेवढाच.

मे महिन्यात बॉयलर बंद झाला आणि मुलगा त्यांना न्यायला आला. "फ्रीमाँटच्या घरात रेडिएटरच नाहीत म्हणे," काका मला म्हणाले. "माणसं तिथे दिवसभर करतात तरी काय?" सामान गेलं होतं, घर रिकामं झालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. दुपारी ते खाली आले, पण हातात स्टूल नव्हतं, फक्त पेटी. "वरची बाजू आज बुजवतो," ते म्हणाले. "नवीन भाडेकरू येतील. कुणाला त्रास नको. पाइपही थंड आहे." मी म्हटलं, "काका, राहू द्या ना. नवे लोक बघतील त्यांचं." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझीच लाज वाटली. "उघडी टाकून जाऊ?" ते म्हणाले. मग पेटीतून त्यांनी थोडा काथ्या, दोरी, सीलंटची एक नळी आणि एक नवी चकती काढून माझ्या ओट्यावर ठेवली. "खालची बाजू तू कर. तुला येतं आता." इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला हे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मी वर काम करतो तोवर तू तुझं चालू दे. अशी बसून राहू नकोस."

मी वांगी घेतली. कढई ठेवली, तेल तापवलं. वर ते गुडघ्यांवर बसल्याचा आवाज आला, मग चाकूने कडा खरवडल्याचा, मग ब्रश. मी मोहरी घातली, हिंग घातला, लसूण घातला, मिरच्या घातल्या, नेहमीपेक्षा जास्तच. वरून ठसका आला.

"जास्त झाल्या का?" मी ओरडून विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "बरोबर आहेत."

मग आवाज जरा मऊ झाला. काथ्या आत सरकत होता. ते काहीतरी पुटपुटत होते, माझ्याशी नाही. मग आणखी मऊ, दोरी. मी वांगी टाकली आणि परतत राहिले, डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत. छतापलीकडे अजून काहीतरी हलत होतं, लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरातून यावं तसं, आणि मग तेही कळेनासं झालं. मी झारा खाली ठेवला.

"काका, झालं का?" मी विचारलं.

वरून काही आलं नाही. मी तोंड वर करून, होतं तेवढा आवाज काढून पुन्हा विचारलं, "काका, झालं का?" उत्तर आलं नाही. त्यांचं काम नेहमीच चोख असायचं.